नाद नसलेलं ताट

ड्रॉइंग डेन्मार्कहून आलं, सोमवारी,
उद्यमनगर बंद असतं त्या दिवशी.
रेकॉर्ड ज्याच्यावर फिरते ते ताट:
वजन नऊ किलो, रनआउट वीस मायक्रॉन,
आणि खाली एक ओळ,
ठोकल्यावर वाजता कामा नये.

इलाहीचाचा हसले.
"चाळीस वर्षं ठोकून बघतोय.
घंटेगत वाजला तर माल पास,
बद्द बोलला तर परत भट्टीत.
आता ह्यांना मुकं पायजे व्हय?"
कोल्हापुरात राहून नाद करायचा नाही,
म्हणजे अवघडच की.

पहिलं ताट बाकावर गुणगुणत राहिलं.
दुसरं जरा कमी.
तिसऱ्याला चाचांनी जुन्या ऑइल इंजिनाचं बीड फोडून घातलं,
वाळूतच निवू दिलं, दीड दिवस,
कुणाला हात लावू दिला नाही.
मग बोटाच्या पेरानं टकटक.
"मेलंय," म्हणाले. "पास."

बारा नग गेले. रेट किलोवर,
पंपाच्या बॉडीपेक्षा सोळा रुपये जास्त.
तिकडं त्याला मोटर बसते, अक्रोडाची चौकट,
आणि एक नाव, जे मला नीट म्हणता येत नाही.
कॅटलॉगात किंमत बघितली.
शून्यं मोजली, पुन्हा मोजली,
आणि लेथ चालू केला.

नागाळा पार्कात डॉक्टर बेनाडीकर आहेत, हौशी.
त्यांची नुसती वायर माझ्या ड्रिल मशीनहून महाग.
म्हटलं, अख्खं इथंच करून देतो,
दहाव्या हिश्शात.
चहा पाजला, चांगला, आलं घालून.
"तुझ्या कामाबद्दल शंका नाही रे,
पण ऐकताना मनात येत राहील."
काय येत राहील, ते बोलले नाहीत.
कोपऱ्यात त्यांचं नवं टर्नटेबल होतं.
मी ताटाकडं बघितलं.
वाकून खालून नाही बघितलं.

तेरावं ताट माझ्याकडं राहिलं,
कडेला तिळाएवढं भोक, म्हणून.
सुई जपानची, पट्टा चीनचा,
चौकट गडहिंग्लजच्या फणसाची.
हे देशी का परदेशी, पोरगी विचारते.
खाली नाव ठोकायचं होतं,
पण पंच मिळतात ते इंग्रजी अक्षरांचे
आणि आमच्या सेटातला के हरवलाय.
कोरंच आहे अजून.

रात्री शेजारची फौंड्री थांबली की लावतो.
कुणा बाईची रेकॉर्ड, कव्हर नसलेली, भंगारात मिळालेली.
चाचांना उजव्या कानानं आता येत नाही,
डावा पुढं करून बसतात.
"तबलजी खोकला बघ," म्हणाले.
मला नव्हतं ऐकू आलं.
सुई उचलली, मागं नेली,
परत ठेवली.

खोकला होता.