चार प्रती, मरून रेक्झिन

फोंड्यात, तिस्कावरून खाली उतरलं की
पंक्चरवाल्याला लागून आमचं दुकान.
बाबा देवळांच्या जमाखर्चाच्या वह्या बांधत.
मी प्रबंध बांधतो.
मे महिन्यात फर्मागुडीच्या चढावरून, ताळगावच्या पठारावरून
झोप न झालेली माणसं येतात
कागद पोटाशी धरून,
आणि विचारतात: परवापर्यंत होतील?

होतील.
खळ शिजलेली आहे, सोनेरी फॉइल आहे,
खिळे उलटे जुळवायची बोटांना सवय आहे.
नावातले ऱ्हस्व-दीर्घ तेवढे तपासून द्या,
तापलेला ठसा एकदा बसला की बसला.

आतलं मला कळत नाही.
पण सुई जाते तिथली ओळ डोळ्यांखालून जातेच,
शिवणीत शिरणारी, अर्धी.
तीस वर्षांची अर्धी वाक्यं साठलीत माझ्याकडे.

गेल्या वर्षी ऐन घाईत वीज गेली.
टेबलावर दोन गठ्ठे:
ज्योकिम कुलासोचा, चिऱ्यांच्या भिंतींवर,
भिंत पाणी किती पिते, किती दिवसांनी सुकते;
आणि पर्वतकारबाईंचा, खाजनातल्या कोरगुटावर,
खारं सोसायची खोड भाताच्या कुठल्या जनुकात आहे त्यावर.
मेणबत्तीवर शिवत बसलो.
सकाळी पाहतो तर चिऱ्यांच्या शहाऐंशीव्या पानामागे
भाताचं सत्त्याऐंशीवं.

भिंतीचं वाक्य तळाशी लटकत होतं:
‘पावसाळ्याअखेरीस आत शिरलेलं पाणी’
आणि पुढच्या पानावर भात म्हणत होता:
‘मुळाशीच अडवलं जातं, पात्यापर्यंत पोचत नाही.’
उभ्या उभ्या तीनदा वाचलं.
व्याकरणात कुठे खोट नव्हती.
मग दोरा उसवला,
ज्याचं पान त्याला दिलं.
दोघांपैकी कुणालाच सांगितलं नाही.
भिंत बांधणाऱ्या कुणाला तरी सांगायला हवं होतं
असं अजून वाटतं, आंघोळ करताना वगैरे.

सर्वोत्तम केंकरे भौतिकशास्त्राचा.
पाच वर्षं तळघरात यंत्र राखत बसला होता
कसल्याशा कणाची वाट बघत.
शेवटच्या प्रकरणात लिहिलंय, सापडला नाही.
मी म्हटलं, मग हे बांधायचं?
हसला. म्हणाला, इथे नाही एवढं कळलं ना,
पुढचा आता दुसरीकडे शोधील.
न सापडल्याची अक्षरंही मी सोन्यातच उठवली.
पन्नास रुपये कमी घेतले. का, ते विचारू नका.

आणि काल आश्लेषा गावकर.
शिक्षणशास्त्र. मुलं शाळा का सोडतात.
आमच्याच बेतोड्याच्या शाळेचे जुने हजेरीपट
तिने कुठल्या तरी कपाटातून, वाळवीच्या तोंडून काढलेले.
तक्ता एकवीस, शिवणीला लागून:
विद्यार्थी ३१. मुलगा. सातवीनंतर नोंद नाही.
कारण: वडिलांचा धंदा, पुस्तकबांधणी.

नावं गाळली आहेत, तसा नियम असतो म्हणे.
त्या वर्षी त्या वर्गातून बांधणीला
दुसरं कोण गेलं होतं?
गणितात मला चौऱ्याऐंशी होते,
ते तक्त्यात नाही. तिला विचारायला हवं तर
तिच्या मागे आणखी दोघं उभी होती,
आणि एकाची गाडी रस्त्यात.

तिने विचारलं, किती द्यायचे?
नेहमीचेच सांगितले.

रात्री, दुकान बंद केल्यावर,
चारही प्रतींत त्या पानाची शिवण
जरा सैल ठेवली,
उघडलं की सपाट पडावं म्हणून.