शेरा

जनरल रजिस्टर, पान एकशे बारा.
तुर्भ्याची क्वारी, पालिकेची शाळा.
क्रशरची धूळ टेबलावर, रजिस्टरवर, माझ्या चहात,
समोर एक दगडफोड्या, टोपी हातात.
मुलीचं नाव? हणमव्वा.
तुझं? दुरगप्पा. आडनाव? वड्डर.
मागे रांग होती. पेन गळत होतं.
मी लिहिलं : हेमा दुर्गेश पवार.
त्याने अंगठा उमटवला
आणि मला नमस्कार केला.

पुढे ती बॉक्सर झाली, ते पेपरात आलंय.
मसाला मार्केटातला माथाडी ढाणे शिकवायचा,
सिमेंटच्या गोणीत चिंध्या आणि चुरी भरून.
त्याच्या शर्टाला मिरचीची पूड,
तिच्या डोळ्यांना धार. तो म्हणायचा, मिटू नको.
पेपरात नाही ते एवढंच,
की ज्या डाव्या हाताचं कौतुक छापून आलं
त्याच हातावर आमच्या शाळेत पट्टी बसायची.

बापाने सांगितलं होतं, दगडाला शीर असते.
घण जोरात नको, शिरेवर हवा.
दोन वर्षं राज्याचं सुवर्ण.
बिल्डरांनी फ्लेक्स लावले,
पाम बीचच्या खांबाखांबावर हेमा, हेमा.

तिसऱ्या वर्षी अंतिम फेरीचा पुकारा झाला
आणि ती दोराबाहेर उभी राहिली.
तोंडातला गार्ड काढून म्हणाली,
ही हेमा कोण? तिला बोलवा.
मी थांबते.
लोक हसले. पंचांनी कागद पाहिला,
मग घड्याळ. ती हलली नाही.
समोरच्या मुलीचा हात वर झाला,
एकही ठोसा न मारता, न खाता.
दुसऱ्या दिवशी फ्लेक्स उतरले.
ढाणे महिनाभर तिच्याशी बोलला नाही.

मग ती माझ्याकडे आली.
तुम्ही लिहिलंत, तुम्हीच दुरुस्त करा.
मी नियम सांगितला.
बरं, म्हणाली, आणि बाकावर बसली.
अकरा दिवस. सरावानंतर, घामाच्या टी-शर्टात.
भांडली असती तर शिपायाला हाक मारली असती.
ती नुसती बघत होती माझ्याकडे,
शीर कुठे आहे ते.

बाराव्या दिवशी मी पत्र लिहिलं.
‘लिपिकाच्या चुकीमुळे’,
एकतीस वर्षांच्या नोकरीत हे दोन शब्द
पहिल्यांदाच माझ्या अक्षरात.

पुढच्या वर्षी निवेदकाची जीभ अडखळली,
ह… हणु… हनम…
ती रिंगमध्ये शांत उभी,
नाव पुरं होईपर्यंत.
मग घंटा. पुढचं पेपरात आहे.

जूनमध्ये माझ्या खिडकीला पुन्हा रांग.
यंकव्वा होती, जिला मी अंकिता केलं होतं.
भीमव्वा, म्हणजे भावना.
एक हुसेनप्पा, त्याचं काय केलं होतं
ते सांगायची आजही लाज वाटते.
यातल्या कुणीही ग्लोव्ह कधी घातला नव्हता.
शेऱ्याच्या रकान्यावर बोट ठेवून उभी राहायची पोरं
आणि अक्षर अक्षर वदवून घ्यायची.
ण, सर. ण.
न नाही.

निवृत्तीच्या आदल्या रात्री
बायको तांदूळ निवडत होती.
अशाच ताटातल्या तांदळात
लग्नाच्या दिवशी मी अंगठीने लिहिलं होतं, सुलभा.
आईने सुचवलेलं. मलाही सोपं वाटलेलं.
म्हटलं, तुझं आधीचं नाव
तुमच्याकडे कसं म्हणायचे गं?
आता कशाला, ती म्हणाली,
आणि एक खडा बाजूला टाकला.

दिवा घालवल्यावर, बऱ्याच वेळाने,
भिंतीकडे तोंड करून तिने सांगितलं.
ते मी इथे लिहीत नाही.
अंधारात एकदा म्हणून पाहिलं.
असं नाही, ती म्हणाली.
पुन्हा.