चिंचोळी

पाटी सहा फूट बाय दीड.
वरची बाजू कन्नडची, ती ठरलेली.
तीही भरमाण्णाच रंगवायचा, गोल, ऐसपैस,
ताटात मांडलेल्या कडबोळ्यांसारखी.
खाली उरायची वीतभर पट्टी,
आणि त्या पट्टीत बसवायचं
श्री कलमेश्वर कृपा भुसार व किराणा मालाचे होलसेल व्यापारी
प्रो. प्रा. सातेरी भैरू हलगेकर आणि बंधू.

मालक खालून ओरडायचा,
एक अक्षर गाळू नकोस,
खरं लांबनं दिसाय पाहिजे!

अक्षर लहान करून भागत नव्हतं.
बारीक करावं लागलं.
या दोन्हींत फरक असतो हे मला
चौदाव्या वर्षी खडेबाजारात शिडी धरून कळलं.

त्यानं काना ताणला,
माझ्या हातातल्या शिडीइतका सरळ.
कचं पोट आत घेतलं,
फोटोवाल्यासमोर घेतात तसं.
ठचं अंडं झालं. ळ डबलसीट बसला.
खमधले र आणि व असे चिकटले
की त्यांना वेगळं वाचायची कुणाची टाप राहिली नाही.
उकारांना खाली जागाच नव्हती,
त्यांनी शेपूट पायांत घातलं.
फक्त वेलांटी त्याला कधी आवरली नाही.
प्रत्येक पाटीवर ती बोटभर वर,
कन्नडच्या हद्दीत जायची.
तिथं कुणी काही म्हणालं नाही.

टेंपोच्या फाळक्यावर हे अक्षर शोभायचं.
कुस्तीच्या फलकावर तर फारच,
पैलवान, गाव, तालीम, वस्ताद, सगळं एका ओळीत,
आणि अठ्ठ्याण्णव किलोचा गडी
कळकासारखा उभा.
लग्नपत्रिकेला नाही चालत.
अनगोळच्या एकानं हट्ट धरला होता,
पाहुण्यांना वाटलं निवडणूक लागली.
आणि दोन ओळींच्या पुढं तर नकोच,
तिसऱ्या ओळीला डोळ्याची मान अवघडते.
भरमाण्णा म्हणायचा,
हे हाक मारायचं अक्षर हाय,
गप्पा मारायचं न्हवं.

मग शहापुरातला बसवराज टेलर आला.
त्याच्याकडं पाटीला जागाच नव्हती,
दोन दुकानांमधला खांब तेवढा, नऊ इंच.
मराठीचं काढतोस तसं कन्नड काढ की.
भरमाण्णा हसला,
गोल अक्षर आवळलं तर फुटतंय, मालक.
खरं तीन दिवस तो खांबावर
खडूनं काढत होता, बाहीनं पुसत होता.
कन्नडमधला र म्हणजे नुसता लाडू,
चौथ्या दिवशी त्याचा दोडका झाला.
सनं श्वास रोखला. जनं कोपर आत घेतलं.
डोक्यावरचे तुरे त्यानं कंगव्यानं बसवल्यासारखे बसवले.
खाली तेच नाव मराठीत.
दोन्ही लिप्या अंग चोरून,
एका बाकावर परीक्षेला बसलेल्या पोरींसारख्या,
कुणी कुणाचं बघून लिहिलं ते सांगता येऊ नये अशा.
टेलरनं पैसे दिले, वर एक शर्ट शिवून दिला.
तो भरमाण्णाला घट्ट झाला.

पुढं फ्लेक्स आला. डबे वाळले.
भरमाण्णा गेला त्याला सहा वर्षं झाली,
खांब अजून आहे.

त्याची पुतणी रेणुका टिळकवाडीत डीटीपी करते.
उरलेल्या पाट्यांचे फोटो काढून
ती या अक्षराचा फॉन्ट करते आहे.
फॉन्टला नाव लागतं, मी म्हटलं, चिंचोळी.
तिनं टाइप केलं, हसली,
मग ङवर अडली.
काकांचा ङ कुठंच सापडत नाही, म्हणाली.
सापडणार कसा,
ङनं सुरू होणारं दुकान कुणी काढलंय?

शिडी मी धरायचो, म्हणून मला विचारते.
पोट आत घे, मी म्हटलं.
ते घेतलं, ती म्हणाली, खरं टिंब?
बाजूला ठेवलं तर जागा खातंय.
वर टाक, वेलांटीशेजारी,
तिथं कुणी काही म्हणत नाही.

तिला पटलं नाही.
तिनं ते बाजूलाच ठेवलं,
आणि पडद्यावरची अख्खी ओळ
केसभर सरकून बसली.