वीतभर

झाकण लोखंडी आहे, गंजलेलं,
बोल्टांनी करकचून आवळलेलं.
त्याखाली बारा किलोमीटर खोल भोक आहे
हे सांगितल्याशिवाय कुणाला कळायचं नाही.
सांगूनही ग्लेबला पटलं नाही.
"एवढंसं?" म्हणाला,
आणि बुटाची टाच आपटून पाहिली.

सातवीची सहल. झापोल्यार्नीहून तास-दीड तास,
शेवटचा रस्ता पायी, तुंद्रातून,
सप्टेंबरातल्या लालसर खुरट्या भूर्जांमधून.
खिडक्या फुटलेली इमारत, जिन्यावर शेवाळ,
आणि मध्येच हे.

मी भूगोल शिकवते.
फळ्यावर पृथ्वी उभी चिरते कांद्यासारखी:
कवच, प्रावरण, बाह्यगाभा, अंतर्गाभा.
चार रंगांचे चार खडू.
कवच काढताना दरवर्षी चुकतं.
खडूची रेघच कवचाहून जाड पडते.

माझी आई, रुफिना अर्कादियेवना,
या भोकातून वर येणाऱ्या दगडाची नोंद ठेवायची.
रंग, कण, भेगा, खोली, तारीख.
पुस्तकात होतं, अमुक खोलीनंतर बेसॉल्ट लागेल.
लागला ग्रॅनाइटच, तडकलेला,
आणि तडांमध्ये पाणी!
पुस्तक खोटं पडलं त्या रात्री
आई गुणगुणत घरी आली होती,
केसांना डिझेलचा वास.

फार खोलचा दगड मात्र अखंड येत नसे.
खाली असतो तेव्हा डोक्यावर मैलोगणती ओझं,
तरी सबंध.
वर आणला, ओझं उतरलं,
की आपोआप चिरफळतो,
पातळ चकत्या होतात, नाण्यांच्या चवडीसारख्या.
आई त्या क्रमाने लावून ठेवायची.
हे असं का होतं, तिनं मला समजावलं होतं.
तेव्हा मला फक्त दगडाबद्दल वाटलं.

मग उष्णता.
शंभर अंशांचा अंदाज, निघाली एकशेऐंशी.
दगड मऊ पडायला लागला,
पाना काढला की भोक हळूहळू मिटू पाहायचं,
जखमेसारखं.
"आपण हरलो नाही, रुफा," येफीम लुकिच म्हणाला,
"तिनं नुसता आपला हात बाजूला केला."

बारा हजार दोनशे बासष्ट मीटर.
मध्यापर्यंत सहा हजार तीनशे एकाहत्तर किलोमीटर.
कांद्याचा पहिला पापुद्राही सुटला नव्हता.
डोळ्यांत पाणी मात्र आलं.

पगार थांबले. देशाचं नाव बदललं.
आई घरी बसली, वर आलेली,
ओझं उतरलेली.
स्वयंपाकघरात तिची एक चकती होती,
दोनशे सत्तर कोटी वर्षांची.
तिच्यावर ती चहाची किटली ठेवायची.
पाचव्या हिवाळ्यात ती माणसं ओळखेनाशी झाली,
खोली मात्र विचारली की अचूक सांगायची.

"मग बाकीचं कसं कळलं?" ग्लेब.
भूकंपांनी, मी म्हणाले.
कुठे तरी चिलीत जमीन हलते, कुणाची भिंत कोसळते,
ती लाट अख्ख्या पृथ्वीच्या पोटातून जाते
आणि दुसऱ्या टोकाला सुई थरथरते.
एका जातीची लाट द्रवातून जातच नाही,
जिथे ती अडली तिथे वितळलेलं लोखंड आहे, हे त्यावरून कळलं.
म्हणजे कुणाचं तरी घर पडल्याशिवाय
आपल्याला आतलं काही कळत नाही.
हे वाक्य पाठ्यपुस्तकात नाही.
तोंडातून निघून गेलं.

परतताना अंधार पडला आणि उत्तरेला हिरवं हललं.
मुलं ओरडली. मी नेहमीचं सांगितलं:
ते लोखंड खाली घुसळतं, त्याचं चुंबकत्व वर येतं,
सूर्याकडून आलेलं वारं त्याला अडून इथे उजळतं.
आई हे कधी पाहायची नाही.
"वर काय बघायचं," म्हणायची, "ती खालचीच बातमी आहे."

निघण्याआधी ग्लेब झाकणाशी परत गेला होता.
गुडघे टेकून त्यानं वीत ताणली.
भोकाची रुंदी तेवीस सेंटिमीटर, मोठ्या माणसाची वीत.
त्याची दोन बोटं कमी पडली.
"पुढच्या वर्षी," म्हणाला,
आणि हात पँटला पुसला.
गंज काही निघाला नाही.