सातवी वडी

दुय्यम निबंधकाच्या कचेरीतून सुटलो तेव्हा
अडीच वाजून गेले होते.
यंत्राला माझा अंगठा तीनदा पटला नाही.
"मावशी, रेषा पुसल्यात तुमच्या," तिथला मुलगा म्हणाला,
"डावा ठेवा."
डाव्याने सोडला मी हक्क.

सुहास म्हणाला, "ताई, उपाशी नको जाऊस,
काहीतरी खाऊ."
वडिलांचा आवाज त्याच्या घशात कधी शिरला
कळलंच नाही.

दत्तवाडीच्या अलीकडे, चक्कीला लागून
सहा टेबलांचं ठिकाण.
उडालेलं पीठ काचेवर बसलेलं,
आत गल्ल्यावर पायगुडेबाई, उघड्या वहीवर लसूण सोलत.
वर पाटी:
"पदार्थ मध्ये ठेवला जाईल.
ज्याने त्याने आपल्या हाताने घ्यावा.
जास्त कोणी घेतले याची चौकशी गल्ल्यावर करू नये."
मी हसले.
सुहासने वाचली नाही. किंवा वाचली.

लहूने दोन रिकाम्या बशा सरकवल्या
आणि मध्ये एकेक आणून ठेवत गेला,
भोपळ्याचं भरीत, मटकीची उसळ,
चार तुकडे केलेली भाकरी,
आणि कोथिंबीर वड्या.
मोजायची सवय मला. सात.

भरताच्या मधोमध सुहासने चमच्याने रेघ ओढली,
लहानपणी सायीवर ओढायचा तशी.
तेव्हा मोठी बाजू तो स्वतःकडे वळवायचा,
मी त्याच्या झिंज्या धरायचे,
आई ताटली गरागरा फिरवायची
आणि कुणाची कुठली, हेच हरवायचं.
आज मोठी बाजू त्याने माझ्याकडे केली
आणि मान खाली घातली.

भरीत होतं ते.
सिंहगड रस्त्यावरचा तिसरा मजला नव्हता,
बाल्कनीवर वडिलांनी स्वतः ठोकलेला पत्रा नव्हता,
ज्यावर पाऊस पडला की फोनवर बोलणं थांबवावं लागायचं.

"वकील म्हणाले, पद्धतच आहे तशी."
"हो. भाकरी गरम आहे तोवर घे."

पद्धत.
बहिणीने सही करायची, भावाने साडी घ्यायची.
साडी माझ्या पायाशी पिशवीत होती, मोतिया,
किमतीची चिठ्ठी काढायची राहिलेली.

शेजारी तीन मुली, अभ्यासिकेतून उठून आलेल्या,
कानामागे पेन तसंच.
एका उसळीत तीन चमचे,
एकीचा पाव दुसरीच्या हातात, दुसरीचं पाणी तिसरीच्या,
आणि बोलणं सगळं कटऑफचं.
वाटी, वाटप, वाटणी,
एका रांगेत बसलेले शब्द.
मी उसळीतली मटकी चिवडत राहिले.

सहा वड्या संपल्या. तीन त्याच्या, तीन माझ्या.
सातवी मध्ये.
तो तिच्याकडे बघत होता, मी पंख्याकडे.
"घे की ताई."
"तू घे."
"तू घे गं."

लग्न झाल्यापासून हेच म्हणत आले मी.
आईच्या पाटल्यांच्या वेळी, तू घे.
वडिलांच्या ठेवीच्या वेळी, तू घे, मला काय करायचंय.
आणि आत्ता, तासाभरापूर्वी,
डाव्या अंगठ्याने.
कुणी जबरदस्ती केली नव्हती, खरं सांगते.
कुणी विचारलंही नव्हतं.

लहू फडकं घेऊन आला. "नेऊ का?"
"थांब," मी म्हटलं.

अख्खी उचलली. अर्धी केली नाही.
गार झाली होती, कडेला थोडी जळलेली,
तीळ दाताखाली कडकडले.
सावकाश खाल्ली.
सुहास बघत राहिला
आणि एकदम, पन्नाशीच्या टकलासकट,
फ्रॉकमधल्या माझ्याशी भांडावं तसा ओरडला,
"ए, माझी होती ती!"

पायगुडेबाईंनी लसणातून मान वर केली.
तोंडात घास होता,
म्हणून मी नुसतं
पाटीकडे बोट दाखवलं.