आतला पत्ता

उद्यमबागेत, फौंड्रीच्या माडीवर,
आमचा सर्व्हर एका लोखंडी कपाटात राहतो.
कपाट आधी गेजांचं. ऑइलचा वास अजून गेला नाही,
दारावर खडूनं कन्नडात: मुट्टबेडी. हात लावू नका.
मी रोज लावतो.

जांबोटीचा माणूस पंपासाठी फोन करतो
तेव्हा त्याचा आवाज आधी पुण्याला जातो.
हेड ऑफिसात त्याचे बारीक तुकडे होतात,
प्रत्येकाच्या पाठीवर पत्ता: कुठून, कुठं.
भाषेचा रकाना मी शोधला होता, नवा असताना.
मग कागल, निपाणी, तवंदीचा घाट,
हायवेच्या कडेनं पुरलेल्या केबलीतून
ते आमच्या कपाटात, स्विचमध्ये,
आणि निळ्या वायरनं दाक्षायणी हुदलीच्या कानात.
जांबोटी इथून तासाभराची वाट.

सोमवारी पुण्यानं नवी फायरवॉल बसवली.
तेव्हापासून फोन लागायचा, घंटा वाजायची,
आणि अर्धाच आवाज चालायचा.

ओमाणा घाडी म्हणाले, पंपाचं सील गेलंय.
दाक्षायणी म्हणाली, मॉडेल कुठलं?
तिकडं काहीच नाही.
"हॅलो. हॅलो?" मग बाजूला कुणाला तरी,
"मराठी कळंना वाटतं बाईला."
आणि घसा साफ करून,
पाव्हण्यापुढं बोलावं तसं, मोडक्या कन्नडात
पहिल्यापासून: "नम्म पंप... सील होगेत री."
इकडं ती मराठीत ओरडतेय,
"येतंय हो, मला सगळं ऐकू येतंय!"
"तप्प आत री," म्हणाले ते. चुकलंच माझं.
ठेवला.

मी कपाटासमोर उकिडवा, एकेक ओळ वाचत.
सापडलं. सर्व्हर बाहेरच्याला
आतलाच पत्ता सांगत होता:
स्वयंपाकघराच्या पलीकडची खोली.
घरच्याला पुरे. पोस्टमननं त्यावर काय करायचं?
एक ओळ बदलली.

दाक्षायणीनं परत लावला.
ते म्हणाले "हेळ्री", ती म्हणाली "बोला",
एकदमच. मग दोघंही गप्प,
आधी दुसऱ्याचं होऊ दे म्हणून.
मला वाटलं, पुन्हा गेली लाइन.
पण हिरवा दिवा लुकलुकत होता.
गप्प बसण्याचेही तुकडे होतात,
त्यांनाही पत्ता लागतो.

सील दुसऱ्या दिवशी जांबोटीच्या बसनं गेलं.
कंडक्टरला चहाला दहा रुपये दिले.