कळ

ओउलूच्या वाचनालयाखालच्या तळघरात
मंगळवारी आम्ही सहा जण असतो,
आणि कधीमधी तुओमोचा कुत्रा,
त्याला हीटरला पाठ लावून झोपायची हौस.

बाहेर दुपारी तीनलाच काळोख.
आत ट्यूबलाइट, गारठलेली बोटं,
अंड्यांच्या ट्रेमध्ये स्क्रू:
लांबडे, आखूड, आणि कुठले देव जाणे.

बँकेचे चाळीस लॅपटॉप आले, एकसारखे, मख्ख.
एका दातांच्या डॉक्टरचा संगणक आला,
पंख्यात सहा वर्षांचे मांजराचे केस.
ब्रशने काढले तर एवढा बोळा निघाला
की कुत्रा उठून हुंगून गेला.

घड्याळाचा सेल संपला की ही यंत्रं
एक जानेवारी दोन हजार दोनमध्ये जाऊन बसतात.
ऐला म्हणते, बरंय की त्यांचं.
मग नाण्याएवढा सेल बसवते
आणि दंडाला धरून आणावं तसं
त्यांना या मंगळवारात आणते.

पुसायचं काम तैस्तोकडे.
एक डिस्क पुसायला चार तास.
पडद्यावर टक्के वाढतात, बाकी काहीच नाही.
तरी तो खुर्ची ओढून शेजारी बसतो,
थर्मासमधली कॉफी, मांडीवर हातमोजे.
आत काय आहे ते बघायचं नाही,
हा नियम त्यानेच घातलेला.
लग्नाचे फोटो असतील, थकलेले हप्ते,
अर्धी लिहून सोडलेली पत्रं.
एकदा मी म्हटलं, यंत्र आपलं आपण पुसतंय,
तुम्ही कशाला ताटकळता?
म्हणाला, “कुणीतरी असावं.”
सदतीस टक्के.

मी बावीस वर्षं टपाल वाटलं.
न उघडता पोचवणं मला येत होतं,
न उघडता पुसणं
इथे शिकले.

निर्वासितांच्या शाळेला शुक्रवारपर्यंत अकरा हवे होते.
दहा झाले. अकराव्याची एक कळ गायब:
डोक्यावर दोन टिंबं असलेला अ.
तुओमो म्हणाला, एका अक्षराने काय अडतंय.
ऐला म्हणाली, आमच्याकडे आई त्याच अक्षराने सुरू होते,
तुझ्याकडे कशाने होते?

तैस्तोने सुट्या कळांचा डबा पालथा केला.
बिस्किटांचा डबा, आत शेकडो अक्षरं,
एकही शब्द नाही.
मिळाली ती पांढरी. कीबोर्ड काळा.
बसेना. तुओमो घड्याळ बघू लागला.
जरा कळ काढ, ऐला म्हणाली,
आणि पर्समधून नखांची कानस दिली.
तैस्तो घासत राहिला, फुंकर मारत, घासत,
मग एकदाची टक्क वाजली.
दिसायला वाईटच. काळ्या तोंडात एक खोटा दात.

पंधरा दिवसांनी मी विसरलेला चार्जर द्यायला शाळेत गेले.
दहा लॅपटॉप टेबलावर होते.
अकरावा मेहेरेत नावाच्या मुलीच्या पोटाशी,
आणि तिच्यामागे चौघांची रांग, ढकलाढकली.
बाई म्हणाल्या, रोज भांडण,
त्यांना वाटतं तोच भारीतला,
बाकी कुणाला पांढरी कळ नाही ना.
मेहेरेतने ती दाबून दाखवली मला.
एकदाच नाही, ओळ भरेपर्यंत.

मंगळवारी तैस्तोला सांगितलं.
तो पडद्याकडेच बघत होता, एक्क्याण्णव टक्के.
बराच वेळ काही बोलला नाही.
मग म्हणाला,
“डब्यात अजून दोन पांढऱ्या आहेत.”